सोसायटीची सेप्टिक टाकी उपसून घ्यायचीय? आधी हे वाचा, मग ठेकेदाराला फोन करा

पावसाळा जवळ आला की कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतोच, टाकी भरलीय, वास मारतोय, कुणालातरी बोलवा. मग वॉचमनच्या ओळखीतला कुणीतरी दोन पोरं, बादल्या आणि दोरी घेऊन येतो, रेट कमी सांगतो आणि सेक्रेटरी हो म्हणून मोकळा होतो. हे असं अजिबात करू नका, कारण यात त्या पोरांचा जीव जाऊ शकतो आणि कायद्याने जबाबदारी तुमच्यावरही येते.

कायदा २०१३ चा आहे, हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा. त्यातलं कलम ७ सांगतं की गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला कुणालाही लावायचं नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्यामार्फतही नाही. त्यामुळे "आम्ही ठेकेदाराला काम दिलं, माणसं त्याची होती" हे पोलिसांपुढे चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. २०१९ च्या डिसेंबरात गोवंडीत एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगारांचा जीव गेला, त्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारला प्रत्येक कुटुंबाला १० लाख द्यायला लावले आणि ते जबाबदार लोकांकडून वसूल करायची मुभा ठेवली. गटारातल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेलीय. पैशाने माणूस परत येत नाही, पण कमिटीत खर्चावरून वाद घालणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा.

आता काम कसं करून घ्यायचं ते. फोनवरच विचारा की सक्शन गाडी, म्हणजे पाइपने मैला ओढून घेणारी गाडी, आहे का, टाकीपासून गाडी उभी राहील तिथपर्यंत पाइप पुरेल का, आणि तळाचा घट्ट गाळ कसा काढणार. या तिसऱ्या प्रश्नावरच खरं कळतं, कारण "थोडा गाळ माणूस उतरून काढेल" असं उत्तर आलं की फोन ठेवा आणि दुसरा ठेकेदार बघा. घट्ट गाळावर प्रेशरने पाणी मारून तो सैल करतात आणि पुन्हा ओढतात, दोन खेपा लागतील, खर्च वाढेल, वाढू दे. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसत राहिलात तर गाळ इतका घट्ट होतच नाही. गाडीच मिळत नसेल तर महापालिका किंवा नगरपालिकेकडे मागा, १४४२० ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे.

वर्क ऑर्डर कागदावर द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की कुणीही टाकीत उतरणार नाही, मैला कुठे नेऊन टाकणार, गाडीचा नंबर काय. याच कायद्याच्या नियमांप्रमाणे अशा कामगाराचा किमान १० लाखांचा जीवन विमा हवा, हप्ता त्याला कामावर ठेवणाऱ्याने भरायचा, आणि कामावर कायम किमान तीन माणसं हवीत, त्यातला एक सुपरवायझर. विम्याचा कागद आधी बघा, "देतो नंतर" म्हणाला तर काम नंतरच.

त्या दिवशी झाकण उघडलं की मुलांना लांब ठेवा, विडी-सिगारेट बंद, कारण आतला मिथेन पेट घेतो. आणि हे नीट वाचा, कारण बहुतेक मरणं इथेच होतात. झाकण तासभर उघडं ठेवलं म्हणजे गॅस गेला असं नाही, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो, शिवाय गाळात अडकलेला गॅस ढवळलं की एकदम सुटतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणजे "आता वास येत नाही" ही सगळ्यात वाईट खूण. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघणं तर बंदच करा, विषारी गॅस त्यात कळत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडतो. तोंडाला फडकं किंवा साधा मास्क लावून काहीही होत नाही, हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर मास्क तो आणणार कुठून?

चुकून कुणी आत पडलाच तर वरच्या माणसाने मागोमाग उतरायचं नाही. कितीही जवळचा असला तरी नाही. पहिला पडतो, भाऊ त्याला काढायला उतरतो, मग तिसरा, आणि काही मिनिटांत सगळे जातात. १०१ ला फोन करा, ब्लोअर असेल तर बाहेरची स्वच्छ हवा आत सोडा, पट्ट्याला दोरी बांधलेली असेल तर वरूनच ओढा. बाहेर आल्यावर श्वास चालू नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ बोलवा.

मग माणूस कधीच उतरू शकत नाही का? नियमांनी मोजकीच कामं सोडलीत, गटाराची नवी लाइन जुन्या लाइनला जोडणं, तळाचा पंप काढणं, मॅनहोल दुरुस्ती अशी, आणि त्यापलीकडे अगदीच अडलं तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची कारणासकट लेखी परवानगी लागते. तेव्हाही गॅस मोजायच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी हवा मोजायची, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, आणि हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा), ट्रायपॉड (माणसाला वर ओढायची तिपाई), बाहेरून हवा देणारा श्वासाचा सेट हे सगळं जागेवर हवं. सोसायटीच्या पातळीवर हे जमणारं काम नाही, त्यामुळे तुमच्यासाठी उत्तर नाहीच.

पाण्याच्या टाकीचं काय, असं विचाराल. हा कायदा तिला लागू नाही, पण हवा तितकीच दगा देते. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला एका बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. बरेच दिवस बंद असलेली किंवा नुकतंच वॉटरप्रूफिंग केलेली टाकी असेल तर आधी ब्लोअर लावा, हवा मोजून घ्या, वर एक माणूस कायम बसवा, आणि डिझेल पंप कधीच आत उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आतला हातदिवा २४ व्होल्टचाच घ्या, घरातल्या प्लगवरून ओढलेला बल्ब ओल्या टाकीत नको.