तळघरातल्या छंदखोलीचा उजेड: काय चुकलं, काय जमलं

बारा बाय दहाची, आठ फूट उंचीची तळघरातली खोली. छताच्या मधोमध एक झगझगीत पांढरी ट्यूब होती. टेबल भिंतीला लागून, त्यामुळे ट्यूब पाठीमागे यायची आणि कागदावर डोक्याची सावली पडायची. नुसते वॅट वाढवून ही सावली जात नाही. जागा बदलली तरच ती जाते.

खोली साधारण ११ चौरस मीटर. ३०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) धरले तर ३३०० ल्यूमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) लागतात. पण भिंती आणि डिफ्यूझर (उजेड पसरवणारं दिव्यावरचं आवरण) बराच उजेड गिळतात, म्हणून ५५०० ते ६००० धरावे. २० वॅटच्या तीन एलईडी बॅटन (लांब पट्टीसारखे दिवे) पुरल्या. त्यातली एक टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, कडेला समांतर लावली. छत बुटकं असल्याने दुधी डिफ्यूझर हवाच, नाहीतर डोळ्यांवर तिरीप येते.

उजेडाचा रंग ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळट ना निळसर, मधला पांढरा. जलरंग किंवा पैठणीच्या धाग्यांच्या छटा निवडायच्या असतील तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर पाहा. ८० वाल्या दिव्यात लाल रंग बऱ्याचदा मळकट दिसतो. बारीक कामाला वाकवता येणारा ८ वॅटचा टेबलदिवा, उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडे ठेवावा.

दिवा घेण्याआधी दुकानातच मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा. उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) हलक्या दर्जाचा. अशा उजेडात काहींचं डोकं दुखू लागतं. साध्या एलईडीला डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) जोडू नका, ती लुकलुकते.

नाशिकच्या पावसाळ्यात तळघराची भिंत ओल धरते. भिंतीवरचे दिवे आयपी ६५ चे (धूळ-पाणी आत न जाणारे) घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आधी बसवून घ्या, दिवे नंतर.