पोल्स्का आधी पायात, मग गजात

स्वीडिश लोकसंगीत शिकू इच्छिणारी माणसे मला बहुधा वाद्याविषयीच आधी विचारतात: व्हायोलिन चालेल का, निकेलहार्पा हे गजाने वाजणारे स्वीडिश वाद्य भारतात मिळेल का, स्वरलिपी वाचता यायला हवी का. मी त्यांना आधी खोलीभर चालायला सांगते आणि त्यामुळे त्यांची काहीशी निराशा होते. माझीही झाली होती. लहानपणापासून बारा वर्षे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकल्यानंतर मी पुण्यातील माझ्या खोलीत बसून पहिल्या ऑनलाइन कार्यशाळेत सहभागी झाले, तेव्हा शिकवलेल्या चालीचे सगळे स्वर मी अर्ध्या तासात बिनचूक वाजवले होते. शिक्षिकेने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला व्हायोलिन खाली ठेवून उभे राहायला सांगितले.

हे घडले २०२० च्या शरद ऋतूत. स्वीडनमध्ये पूर्ण टाळेबंदी नव्हती, तरी २९ मार्च २०२० पासून पन्नासपेक्षा जास्त जणांच्या सार्वजनिक मेळाव्यांना बंदी होती आणि नोव्हेंबरअखेर ती मर्यादा आठ जणांवर आली. उन्हाळ्यातील ‘स्पेल्मान्सस्टेम्मा’, म्हणजे गावोगावी भरणारे लोकवादकांचे मेळावे, बहुतेक ठिकाणी रद्द झाले. एरवी ज्यांच्याकडून शिकण्यासाठी दालार्ना किंवा उप्लांद प्रांतातील एखाद्या गावी जावे लागले असते, ते वादक आणि नर्तक घरातल्या संगणकासमोर बसून शिकवू लागले. स्वीडनमध्ये प्रौढांनी लहान गट करून एकत्र शिकण्याची, अभ्यासमंडळांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यामुळे या ऑनलाइन वर्गांना खासगी शिकवणीपेक्षा मंडळाचे रूप अधिक होते. आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका, दोन संगणक अभियंते, पन्नाशीत पहिल्यांदा व्हायोलिनचा गज हाती धरणारे एक सुतार आणि मी असे लोक होते. सर्वांत कच्चा विद्यार्थी कोण, याची तेथे कोणालाही फिकीर नव्हती.

शिकवला जाणारा मुख्य प्रकार म्हणजे पोल्स्का. या शब्दाचा अर्थच ‘पोलिश’ असा आहे, परंतु पोलंडकडून आलेल्या या नृत्याने स्वीडनमध्ये गेल्या चारशे वर्षांत इतकी स्थानिक रूपे घेतली आहेत की आता ते स्वीडिश लोकसंगीताचे हृदय मानले जाते. चाल तीन मात्रांची असते. सहसा तिचे आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. वादक पायाने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका देतो, दुसरी मात्रा हवेत राहते. तबल्याच्या साथीने वाढलेल्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो, कारण ठेका धरणारे दुसरे कोणी नसतेच. वादकाचा पाय हाच तबला आणि नर्तकाचे पाऊल हीच सम.

मी ज्या दिवशी उभी राहिले, त्या दिवशी आम्ही वीस मिनिटे फक्त चाललो. नंतर गुडघे किंचित सैल सोडून शरीर खाली-वर होऊ देण्याचा सराव केला. या लवचिक हालचालीला ‘स्विक्त’ म्हणतात. मराठीत तिला नेमका शब्द मला सापडलेला नाही. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईचे गुडघे पाहिले तर ती कळते. प्रत्येक गावच्या पोल्स्काची स्विक्त वेगळी असते आणि शिक्षक प्रथम तीच दाखवतात. चाल नंतर येते, आणि तीही आधी तोंडाने. निरर्थक अक्षरांवर नृत्याची चाल गाण्याला ‘त्राल्ल’ म्हणतात. ज्यांच्याकडे कोणतेही वाद्य नाही त्यांनी त्राल्लपासून सुरुवात केली तर ती कमी प्रतीची सुरुवात ठरत नाही, कारण वादक नसेल तेथे पूर्वी लोक अशा गाण्यावरच नाचत असत.

स्वरलिपीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझे सर्वाधिक नुकसान तेथे झाले. नील्स आंडरसन आणि ऊलोफ आंडरसन यांच्या संपादनाखाली १९२२ ते १९४० या काळात ‘स्वेन्स्का लोतार’ या नावाने चोवीस खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांत सुमारे आठ हजार चाली आहेत. हा खजिना मिळाल्यावर मी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून एका रात्रीत तीन चाली पाठ केल्या आणि पुढच्या वर्गात मोठ्या उत्साहाने वाजवून दाखवल्या. त्या ऐकताना वॉल्ट्झसारख्या वाटत होत्या. कागदावर तीनही मात्रा सारख्या लांबीच्या दिसतात, पण दालार्नातील बूदा गावच्या पोल्स्कांत दुसरी मात्रा अपेक्षेपेक्षा लवकर येते. त्याच प्रांताच्या पश्चिमेला मालुंग आणि ट्रान्सट्रान्ड भागांत पहिली मात्रा आखूड असते. आणि दक्षिण व मध्य स्वीडनमधील स्लेंगपोल्स्कात तीनही मात्रा समान असून त्यांतून बारीक स्वर अखंड वाहत राहतात. हे फरक कागदावर उतरत नाहीत. आधी कानाने चाल शिकावी, आठवडाभर वाजवावी आणि त्यानंतरच पुस्तक उघडून पाहावे, असे मी नवागतांना आग्रहाने सांगेन. जे आधी पुस्तक उघडतात त्यांना नंतर तीच चाल विसरून पुन्हा शिकावी लागते, आणि विसरणे हे शिकण्यापेक्षा किती तरी अवघड असते. पहिली चाल म्हणून स्लेंगपोल्स्का निवडणे मला सोयीचे वाटते, कारण तिच्या समान मात्रांमुळे भारतीय कानाला एकाच वेळी सगळे नवे पचवावे लागत नाही. उप्लांदच्या एल्वकार्लेबी भागातील ब्यूस-काले (१७८३–१८४७) या लोकवादकाच्या परंपरेतील स्लेंगपोल्स्का यासाठी उत्तम आहेत.

ब्यूस-कालेचे नाव आले म्हणून एक शिष्टाचार येथेच सांगते. बऱ्याच चालींना स्वतंत्र नाव नसते; ‘अमुक गावच्या तमुकाच्या मागून आलेली पोल्स्का’ हेच तिचे नाव असते. कोणाकडून कोणाकडे ती आली हे सांगितल्याशिवाय चाल वाजवणे अर्धवट मानले जाते. आपल्याकडे बंदिश सांगताना घराण्याचा आणि गुरूचा उल्लेख होतो, त्याच्याशी हे बरेच जुळते. तेव्हा वहीत चालीबरोबर तिची ही वंशावळही पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी.

आता ऑनलाइन वर्गाच्या व्यवहाराकडे वळते. तेथे एकत्र वाजवता येत नाही, ही गोष्ट आधीच स्वीकारावी. मिनिटाला ११० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून थोडी मोठी असते, तेव्हा आवाज पोहोचायला पाव सेकंद लागला तरी जवळजवळ अर्धी मात्रा चुकते. म्हणून सगळे आपापला माइक बंद ठेवतात, शिक्षक एक तुकडा वाजवतात, आपण तो घरी पुन्हा वाजवतो आणि अशा प्रकारे दीड तासात एक चाल पुरी होते. प्रारंभी हे एकाकी वाटते. पण आपल्या बेसूर तुकड्याचा साक्षीदार कोणी नसतो, हा त्याचा फायदा मला प्रत्यक्ष वर्गांतही कधी मिळाला नव्हता. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू करावी. ती बंद असेल तर गजाच्या लांब स्वराला पंख्याची घरघर समजून ते सॉफ्टवेअर गाळून टाकते आणि शिक्षकांना आपले वादन तुटक ऐकू येते. वर्गाचे ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी विचारावी. ती सहसा मिळते, मात्र मुद्रण पुढे पाठवू नये.

वेळेचा हिशेब नीट करावा. स्वीडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. तेथील संध्याकाळी सातचा वर्ग पुण्यात हिवाळ्यात रात्री साडेअकराला सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास पुढे जातात, हे मला ठाऊक नसल्यामुळे त्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे साडेअकराला हजर झाले, तेव्हा वर्गाचा पहिला तास उलटून गेला होता.

नृत्याचा भाग घरी एकट्याने शिकणे अधिक कठीण आहे, कारण पोल्स्का जोडीने नाचतात. जोडी काही पावले चालते, मग एकमेकांना धरून घड्याळाच्या दिशेने गिरक्या घेत, सर्व जोड्यांच्या मोठ्या वर्तुळात मात्र घड्याळाच्या उलट दिशेने पुढे सरकते. बहुतेक प्रकारांत एका आवर्तनात एक गिरकी पूर्ण होते. गिरकी स्वतःच्या ताकदीने घ्यायची नसते, दोघांच्या मधल्या अक्षावर वजन सोपवायचे असते. हे शब्दांत समजावण्यासाठी शिक्षिकेने पुष्कळ प्रयत्न केले. पण मला ते फुगडी आठवल्यावर क्षणात कळले. फुगडीत हात घट्ट धरून मागे झुकल्यावर दोघींचे वजन एकमेकींना तोलते. पोल्स्कात अंतर कमी असते आणि झुकणे जवळजवळ दिसत नाही, परंतु तत्त्व तेच. घरी जोडीदार नसेल तर पाठ असलेली जड खुर्ची मध्ये ठेवून तिच्याभोवती पावले टाकावीत. खुर्ची वजन तोलत नाही, पण पावलांचा क्रम बसतो.

शिक्षक पाठमोरे उभे राहून दाखवत असतील तर डावे-उजवे जुळते. ते समोर तोंड करून दाखवत असतील तर पाठमोरे होण्याची विनंती करायला संकोचू नये. स्वतःचा कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता पावलांवर ठेवावा. माझ्या गटातील अनेकांना एकमेकांचे चेहरे आठवत नसत, मोजे मात्र आठवत. फरशीवर मोज्यांनी पाय घसरतो आणि रबरी तळव्याच्या बुटांनी गिरकी अडते. चामड्याच्या तळव्याची साधी चप्पल, मागे पट्टा असेल तर, मला सर्वांत बरी वाटली. खालच्या मजल्यावरील कुटुंबाने एकदा रात्री बारा वाजता दार वाजवले, तेव्हा मी माफी मागितली आणि नंतर शिक्षिकेला ते हसत सांगितले. ती म्हणाली की शेजाऱ्यांना ऐकू येत असेल तर स्विक्त चुकते आहे, कारण पाऊल जमिनीवर आदळत नाही, जमिनीत उतरते. तेव्हापासून मी सतरंजीही अंथरते आणि गुडघेही सैल सोडते.

वाद्याविषयी इतकेच. हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन असेल तर ते पुरते, मात्र मांडी घालून बसून, व्हायोलिनचे टोक पायावर टेकवून वाजवण्याची सवय बाजूला ठेवून ते हनुवटीखाली धरावे लागते, नाहीतर वाजवताना पाय मोकळे राहत नाहीत. आपली सा-प-सा-प अशी तारांची जुळणी स्वीडनमध्ये अनोळखी नाही. तेथेही काही चाली ए-ई-ए-ई अशा जुळणीत वाजवतात, आणि वरची तार उतरवून केलेल्या ए-ई-ए-सी शार्प या जुळणीला तर ‘त्रोल’ या मायावी जीवाचे नाव दिलेले आहे. जुन्या वादकांच्या गंधार-निषादांत पियानोच्या पट्ट्यांच्या मधल्या जागा ऐकू येतात आणि श्रुतींची ओळख असलेला कान तेथे गोंधळत नाही. मींडेचा मोह मात्र आवरावा लागतो. माझ्या शिक्षिकेने पहिले सहा महिने मला एकही मींड घेऊ दिली नाही.

निकेलहार्पा हे उप्लांदचे वाद्य आहे. ते गजाने वाजवतात, पण बोटांऐवजी लाकडी खुंट्या दाबून स्वर काढतात, आणि त्याच्या आजच्या रूपात सारंगीसारख्या बारा तरफेच्या तारा असतात. हे रूप घडवण्यात आणि लोकप्रिय करण्यात एरिक साल्स्त्रोम (१९१२–१९८६) यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाची संस्था टोबो येथे आहे. २०२३ मध्ये निकेलहार्पा शिकवण्याच्या लोकसहभागी पद्धतीची नोंद युनेस्कोने परंपरा-रक्षणाच्या उत्तम उपक्रमांच्या यादीत केली. वाद्य मोहक आहे, हे मी मान्य करते, परंतु नव्या वाद्याची किंमत लाखांच्या घरात जाते. तेव्हा निदान वर्षभर त्राल्ल आणि व्हायोलिन यांवर काढल्याशिवाय त्याची मागणी नोंदवू नये.

पुढे गंभीरपणे शिकायचे असेल तर स्वीडनमधील लोकविद्यालये हा मार्ग आहे. तेथे शिक्षणशुल्क नसते, पण राहण्या-जेवणाचा खर्च आणि निवासपरवाना आपला आपण पाहावा लागतो. मालुंग येथील लोकविद्यालय लोकसंगीतासाठी ओळखले जाते. स्टॉकहोमच्या शाही संगीत महाविद्यालयातही लोकसंगीताचा विभाग आहे, मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना विद्यापीठांत २०११ पासून शुल्क भरावे लागते. ‘रीक्सस्पेल्मान’, म्हणजे राष्ट्रीय लोकवादक, ही पदवी हवी असेल तर परीक्षकांसमोर वाजवून रुपेरी सोर्न पदक मिळवावे लागते. चित्रकार आंडर्स सोर्न यांनी १९०६ मध्ये गेसुंदा येथे लोकवादकांची स्पर्धा भरवली, तेथून या परंपरेला सुरुवात झाली. परीक्षेत एका विशिष्ट भागाची शैली किती आत्मसात केली हे पाहतात, म्हणून चार प्रांतांच्या चाळीस चालींपेक्षा एका गावच्या दहा चाली अधिक उपयोगी पडतात.

मेळाव्याला जायचे ठरले तर जुलैच्या सुरुवातीला दालार्नातील बिंगशो गावी जावे; १९६९ पासून तेथे मेळावा भरतो. पावसाळी अंगरखा, घडीची छोटी खुर्ची आणि डासांचे मलम सोबत घ्यावे. रंगमंचापेक्षा झाडांखाली, अंगणांत, गाड्यांच्या आडोशाला चालणारे ‘बुस्कस्पेल’, म्हणजे झुडपांतले वादन, अधिक महत्त्वाचे. वर्तुळाच्या कडेला उभे राहावे, ओळखीची चाल लागली की हळू आवाजात मिसळावे, आणि कोणी ‘तुझी एखादी चाल?’ असे विचारल्याशिवाय स्वतः सुरू करू नये. मला ते रात्री एकच्या सुमारास, अजून उजेड असताना, विचारले गेले. मी आमच्या वर्गातली पहिली स्लेंगपोल्स्का घेतली, कोणाच्या मागून आली ते सांगितले, आणि दुसऱ्या भागात पोहोचेपर्यंत दोन जोड्या ओल्या गवतावर फिरू लागल्या होत्या.