गावात गॅस्ट्रो आला तर त्याचा माग असा काढा

एकाच वस्तीत दोन दिवसांत उलट्या-जुलाबाचे सात-आठ पेशंट निघाले की गावात दोनच गोष्टी कानावर येतात, "पाणी खराब आलंय" नाहीतर "लग्नातलं बाधलं". तपासल्याशिवाय दोन्ही खऱ्या मानू नका. सांगली जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून माझी नोकरी पलूस-तासगाव भागात झाली. लग्नसराई, जत्रा, ऊसतोड मजुरांची पालं, 2019 चा कृष्णेचा महापूर, सगळीकडे साथीच्या मागे हिंडलो. आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, गावातली शिकलेली पोरं, कुणालाही हे काम जमतं.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि पेशंटना ओआरएस सुरू करा. मूल मलूल पडलं, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखान्यात हलवा.

मग पेशंट कुणाला म्हणायचं ते एका ओळीत लिहा: सोमवारपासून या गावात ज्याला उलटी झाली, किंवा 24 तासांत तीन वेळा पातळ जुलाब झाले, तो. ही ओळ मध्येच बदलू नका.

घरोघर जाऊन यादी करा. नाव, वय, घर आणि पहिला त्रास कधी सुरू झाला. नुसती तारीख नको, वेळ हवी. "काल रात्री" एवढ्यावर थांबू नका. जेवायच्या आधी की नंतर? झोपेतून उठून? शेवटची एसटी गेली होती का? असं विचारलं की माणूस तासापर्यंत येतो. या तासांत बरंच कळतं. जेवल्यावर एक ते सहा तासांत धडाधड उलट्या लागल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या जिवाणूंच्या विषाचा संशय घ्या. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब लावणारा एक विषाणू, लागण झाल्यावर त्रास सुरू व्हायला 12 ते 48 तास घेतो. कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी 1982 साली मांडलेल्या या विषाणूच्या साथीच्या खुणा आजही उपयोगी पडतात: निम्म्याहून जास्त पेशंटना उलट्या, लागण ते लक्षणं यांत सरासरी 24 ते 48 तास, आजार 12 ते 60 तासांत आटोपणारा आणि शौचाच्या तपासणीत जिवाणू नाहीत.

चौकटीच्या वहीवर एका पेशंटला एक चौकोन भरा, आडवी वेळ धरून. एकच उंच सुळका आला तर सगळ्यांना एकदाच कुठूनतरी लागण झाली. दिवसाआड बुटक्या टेकड्या येत राहिल्या तर आता माणसाकडून माणसाला लागतंय.

आता खरी अडचण. लोक इथंच चुकतात, मीही चुकलो. पलूस तालुक्यातल्या एका लग्नानंतर मी फक्त आजारी माणसांना गाठलं. जो तो म्हणाला, श्रीखंड खाल्लं. मी अहवालात श्रीखंड लिहून मोकळा झालो आणि त्या आचाऱ्याच्या पुढच्या दोन सुपाऱ्या गेल्या. आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न केला, "ज्यांना काही झालं नाही, त्यांनी श्रीखंड खाल्लं नव्हतं का?" मला उत्तर देता येईना. परत गावात गेलो. खाल्लं होतं, अख्ख्या मांडवानं खाल्लं होतं! फरक निघाला काकडीच्या कोशिंबिरीत. ती हातानं कालवणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी उलट्या झाल्या होत्या. घरचं कार्य, मागं कसं राहायचं, म्हणून त्या आल्या होत्या. आचाऱ्याच्या दारात जाऊन मी माफी मागितली.

म्हणून ठणठणीत माणसांनाही तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारा. हे टाळलंत तर बाकीची मेहनत पाण्यात. हिशेब असा. समजा शंभर जण जेवले, चाळीस आजारी पडले. श्रीखंड खाल्लेल्या 90 पैकी 36 आजारी, म्हणजे 40 टक्के. न खाल्लेल्या 10 पैकी 4, म्हणजे तेही 40 टक्केच. श्रीखंड सुटलं. कोशिंबीर खाल्लेल्या 60 पैकी 36 आजारी, म्हणजे 60 टक्के. न खाल्लेल्या 40 पैकी फक्त 4, म्हणजे 10 टक्के. नुसत्या आजारी माणसांकडं पाहिलं तर दोन्ही पदार्थांना 36 हाच आकडा दिसतो. आणि फरक निघाला तरी तो संशयच धरा. तो पदार्थ कुणी, कधी, कशानं केला हे पाहिल्याशिवाय नाव घेऊ नका.

"काय खाल्लं?" असं मोघम विचारू नका, "साधंच" एवढंच ऐकायला मिळेल. आधी आचाऱ्याकडून पदार्थांची यादी घ्या, पिण्याचं पाणी आणि बर्फही त्यात धरा, आणि एकेक नाव घेऊन हो की नाही विचारा. चावडीवर चारचौघांत तर मुळीच नको. यजमानाचं तोंड बघून लोक खरं गिळतात. घरात, एकेकट्याला विचारा. वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका यांना विसरू नका, मांडवात काय घडलं ते त्यांनाच ठाऊक असतं.

पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट टाकीजवळ नाही, शेवटच्या नळावर करा. ती पिवळी आली, म्हणजे क्लोरीन आहे, तरी गटारातून गेलेली पाइपलाइन चालून बघा.

शौचाचे पाच-सहा नमुने पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्वच्छ डबीत घेऊन, बर्फाच्या पेटीतून आरोग्य केंद्रामार्फत पाठवा. विषाणूची तपासणी हवी असं स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त जिवाणू बघून "काही सापडलं नाही" असा कागद येतो.

निकालाची वाट बघत बसू नका. उलटी झालेली जागा आधी कागदानं टिपून घ्या, मग लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटं ओतून ठेवा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. नोरोव्हायरसपुढं सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही, हात साबणानंच धुवा. आजारी माणसाला बरं वाटल्यावरही 48 तास स्वयंपाकाला हात लावू देऊ नका. विषाणू त्यानंतरही शौचावाटे बाहेर पडत असतो, त्यामुळं पुढचे दोन आठवडे त्या घरात साबणाची वडी संपू देऊ नका.