नूतनचे पिक्चर बघायला घ्यायचेत? मग सुरुवात अशी करा

परवा भाचीने विचारलं, "मावशी, नूतनचे पिक्चर बघायचेत, कुठून सुरू करू?" तिला नूतन म्हणजे काजोलची मावशी एवढंच माहीत होतं. मी उत्साहाने दहाबारा नावं पाठवली आणि तिने पहिलंच नाव उघडून वीस मिनिटांत बंद केलं. चूक तिची नव्हती, माझी होती, कारण नुसती यादी देऊन काही होत नाही, कसं बघायचं तेही सांगावं लागतं. तेव्हा आता नीट सांगते.

आधी थोडी ओळख, फार नाही. नूतन समर्थ, जन्म ४ जून १९३६, मुंबईची, घर मराठी. आई शोभना समर्थ स्वतः मोठी नटी, 'रामराज्य'मधली सीता, आणि वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आईनेच दिग्दर्शित केलेल्या 'हमारी बेटी'मधून १९५० साली पोरगी हिरॉईन म्हणून पडद्यावर आली, म्हणजे वय जेमतेम चौदा. १९५२ साली मिस इंडिया झाली, मधे शिकायला स्वित्झर्लंडला जाऊन आली. १९५९ मध्ये नौदलातल्या रजनीश बहल यांच्याशी लग्न, मुलगा मोहनीश. बेस्ट ॲक्ट्रेसचं फिल्मफेअर पाच वेळा मिळालं, 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन' आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की', आणि हा पाचाचा आकडा पुढे तिच्याच भाचीने, काजोलनेही गाठला. १९७४ साली पद्मश्री. २१ फेब्रुवारी १९९१ ला कॅन्सरने गेली तेव्हा अवघी चोपन्न वर्षांची होती. एवढं डोक्यात असलं की पुरे, बाकी सगळं पिक्चरमध्येच दिसतं.

शोधताना एक गोष्ट कायम करा, नावापुढे साल टाका. नुसतं 'सौदागर' टाकलंत तर १९९१ चा दिलीपकुमार-राजकुमारचा येणार, तुम्हाला हवाय तो १९७३ चा. 'नगीना' टाकलं तर श्रीदेवी येते, नूतनचा १९५१ चा आहे. 'अनाडी'चंही तेच, आपला १९५९ चा राज कपूरबरोबरचा. अवॉर्डची सालं बघतानाही जरा सांभाळून, पिक्चर एका सालचा आणि अवॉर्ड पुढच्या सालात दिलेलं असतं त्यामुळे याद्यांमध्ये एका वर्षाचा फरक दिसतो आणि उगाच गोंधळ होतो.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण 'सुजाता' किंवा 'बंदिनी'पासून सुरू करायला सांगतात आणि माझ्या मते तिथेच नवीन बघणारा हरतो. तुम्ही 'तेरे घर के सामने'पासून सुरू करा, १९६३ चा, दिग्दर्शक विजय आनंद, सोबत देव आनंद. दोन भांडकुदळ बापांनी दिल्लीत समोरासमोर प्लॉट घेतलेत, दोघांची घरं बांधणारा आर्किटेक्ट मात्र एकच, आणि तो एकाचा मुलगा नि दुसऱ्याच्या मुलीच्या प्रेमात, बस एवढीच गोष्ट. यात नूतन चिडवते, रुसते, खळखळून हसते. टायटल साँगमध्ये ती देव आनंदच्या ग्लासमध्ये एवढीशी दिसते आणि ग्लासात बर्फ पडल्यावर कुडकुडते ते बघाच. कुतुबमिनारचं 'दिल का भँवर' तर सगळ्यांना माहीत असतं, खऱ्या मिनारातला जिना अरुंद म्हणून आतला भाग स्टुडिओत सेट लावून शूट केला होता. गाण्यात ती एकेक पायरी उतरत जाते आणि चेहऱ्यावर प्रत्येक पायरीला काहीतरी वेगळं चालू असतं, लाजणं, मग नाही नाही, मग बरं चल असं. रफीचा आवाज क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त तिच्याकडे बघा.

हा पिक्चर बघून झाला की दुसऱ्याच दिवशी 'बंदिनी' लावा. गॅप ठेवू नका. तोही १९६३ चाच, संगीतही दोन्हीकडे एस. डी. बर्मन यांचंच, हिरॉईन तीच, आणि तरी ही तीच बाई आहे यावर विश्वास बसत नाही. दिग्दर्शक बिमल रॉय. नूतन कल्याणी नावाची कैदी आहे, हातून खून झालाय, जेलमध्ये शिक्षा भोगतेय, तिथला डॉक्टर म्हणजे धर्मेंद्र तिच्यावर जीव लावतो आणि भूतकाळात अशोककुमार आहे. 'मोरा गोरा अंग लइ ले' यातलंच, गुलजार यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमागीतांपैकी एक.

पण मला बोलायचंय ते त्या खुनाच्या सीनबद्दल. (ज्यांना आधी काहीच कळायला नको असेल त्यांनी हा पॅरा सोडून पुढे जा.) कल्याणी हॉस्पिटलमध्ये एका छळवादी पेशंटची सेवा करतेय, त्या पेशंटचं आणि तिचं नातं काय ते तिला कळतं, त्यातच वडील गेल्याची बातमी. बाहेर कुठेतरी लोखंडाचं काम चाललंय, घणाचे ठोके पडताहेत आणि वेल्डिंगचा उजेड खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर पडतो, विझतो, परत पडतो. ती एक शब्द बोलत नाही. रडत नाही, किंचाळत नाही. प्रत्येक वेळी उजेड पडला की चेहरा थोडा बदललेला असतो आणि शेवटी शेवटी तर असं वाटतं की तिच्या आत काहीतरी तुटून पडलंय आणि ते आपण बघितलं. मी पहिल्यांदा हा सीन मोबाईलवर बघत होते आणि बरोब्बर ठोके चालू असताना मधेच जाहिरात आली, पंधरा सेकंदांची, आणि सगळा सीन माझ्यासाठी मेला. नंतर कितीदा बघितला तरी तो पहिला अनुभव काही परत मिळाला नाही. म्हणून हात जोडून सांगते, 'बंदिनी' मोठ्या स्क्रीनवर, अंधार करून, मधे जाहिराती येणार नाहीत अशा ठिकाणी बघा. आणि शेवटचा घाट, स्टीमर, 'मेरे साजन हैं उस पार' चालू असताना फोन हातात नको.

आता ती कशी बघायची ते. समोरचा बोलत असताना नूतनकडे बघा. आपल्याला सवय असते बोलणाऱ्याकडे बघायची, पण या बाईचं खरं काम ती ऐकत असताना चालू असतं. त्या काळात मोठमोठे डायलॉग फेकणारे पुष्कळ होते, डोळ्यांत पाणी आणून हुंदके देणारेही होते, पण समोरच्याचं ऐकता ऐकता माणूस आतून कसा हलतो हे दाखवणारी तिच्याइतकी दुसरी मला तरी दिसली नाही. एकदा तर आवाज पूर्ण बंद करून एखादा सीन बघाच, काय चाललंय ते तरीही कळतं.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते 'सुजाता'त, १९५९, परत बिमल रॉय. अस्पृश्य घरातली अनाथ पोर ब्राह्मण इंजिनीयरच्या घरात वाढते, पण आई तिची ओळख करून देताना 'बेटी' म्हणत नाही, 'बेटी जैसी' म्हणते. तो एक शब्द, 'जैसी', ऐकल्यावर नूतन काय करते ते बघा. आणि मग फोनचं गाणं, 'जलते हैं जिसके लिए'. तलत महमूदचा आवाज, सुनील दत्त तिकडून फोनवर गातोय आणि नूतन इकडे रिसीव्हर कानाला लावून उभी. अख्ख्या गाण्यात तिला एकही ओळ नाही, करायचं काय तर ऐकायचं. आनंद आहे, भीती आहे, आपल्यासारखीला हे मिळणार नाही याची खात्रीही आहे, आणि हे सगळं एकाच चेहऱ्यावर, तेही कुठेही जास्त न करता. मी हे गाणं किती वेळा बघितलं असेल याचा हिशोब नाही.

मराठी माणसाने 'सुजाता' अजून एका कारणासाठी बघावा, त्यात आई झालीय सुलोचनादीदी, ती जुन्या वळणाची म्हातारी म्हणजे ललिता पवार, बहीण शशिकला, आणि मधे नूतन. बंगाली गोष्ट, बंगाली दिग्दर्शक, हिंदी पिक्चर आणि चारही मुख्य बायका मराठी!

एवढं झालं की मागे जा, 'सीमा', १९५५. दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती. इथे नूतन एकोणीस वर्षांची, चोरीचा खोटा आळ आलेली अनाथ गौरी, आश्रमात आणून ठेवलेली, बलराज साहनी तिथले सांभाळणारे. यात ती गप्प नाही, उलट उसळते, काचा फोडते, कोणाचं ऐकत नाही. हा आधी बघितला असता तर 'ही बंडखोर भूमिका करणारी' असा शिक्का मनात बसला असता, 'सुजाता'नंतर बघितला की कळतं की हा राग पुढे तिने आत ढकलायला शिकून घेतला. 'मनमोहना बड़े झूठे' यातलंच, रागदारीतलं गाणं, तानांवर तिचे ओठ आणि गळ्याची हालचाल बघा, गाणं शिकलेली बाई आहे हे लगेच कळतं.

मधले 'पेइंग गेस्ट', 'दिल्ली का ठग', 'अनाडी' हे रविवारच्या दुपारी बघण्यासारखे आहेत, मजा येते, त्यावर जास्त काही सांगत नाही. 'मिलन' (१९६७) आवडेल न आवडेल, पुनर्जन्म वगैरे आहे, पण 'सावन का महीना'मध्ये सुनील दत्त तिला शब्द शिकवतो तो खेळ सुंदर आहे. 'सरस्वतीचंद्र' (१९६८) गोवर्धनराम त्रिपाठींच्या गुजराती कादंबरीवरचा, रंगीत जमाना आला असताना ब्लॅक अँड व्हाईट काढलेला, नूतनच्या चेहऱ्याला तोच शोभतो.

मग 'सौदागर', १९७३. हा चुकवू नका, कारण याचं नाव फार कोणी घेत नाही. दिग्दर्शक सुधेंदू रॉय, जे आधी बिमल रॉय यांच्याकडे कला दिग्दर्शन करायचे. आपल्याकडे उसाचं गुऱ्हाळ असतं तसा तिकडे बंगालात खजुराच्या रसाचा गूळ करतात. अमिताभ रस काढणारा मोती आणि नूतन महजबी, गूळ करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही अशी विधवा. त्याला दुसरीच पोरगी हवीये, मेहेरचे, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचे पैसे जमवायचेत, म्हणून तो हिच्याशी लग्न करतो, तिच्या हातचा गूळ विकून पैसे उभे करतो आणि मग तिला सोडून देतो. तिने चुलीपुढे बसून रस आटवायचा तो सीन बघा, कालथा फिरवण्यात, रसाकडे बघण्यात जो सराव दिसतो त्यात कुठेही 'मी अभिनय करतेय' नाही. पुढे नवीन बायको गूळ करपवते तेव्हा आपल्याला मनातून बरं वाटतं, आणि मोती परत दारात आल्यावर महजबीच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी सांगणार नाही.

'मैं तुलसी तेरे आँगन की' (१९७८) चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून घेतलेला, दिग्दर्शक राज खोसला. बेचाळिशीत, जेव्हा बाकीच्या हिरॉइनींना वहिनी नाहीतर आईचे दोनचार सीन मिळायचे, तेव्हा ही पिक्चरचा कणा आहे आणि बेस्ट ॲक्ट्रेसही तीच. नंतरचे 'मेरी जंग' आणि 'कर्मा' वेळ असेल तर बघा, 'कर्मा'त दिलीपकुमार आणि ती पहिल्यांदा एकत्र आले, १९८६ साली, इतक्या उशिरा, याची मला आजही हळहळ वाटते.

आणि हे सगळं बघून झालं की एक काम बाकी ठेवा. १९६० चा 'छबिली', आईनेच दिग्दर्शित केलेला, संगीत आपले स्नेहल भाटकर. त्यात नूतन स्वतःच्या आवाजात गायलीय. 'ऐ मेरे हमसफर' शोधा, हेडफोन लावा, स्क्रीन उलटी करून ठेवा आणि या वेळी नुसतं ऐका.