दुधाच्या चार थेंबांत निळं आकाश आणि तांबडी संध्याकाळ

आकाश निळं का दिसतं, याचं उत्तर बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं: निळ्या प्रकाशाचं विकिरण, म्हणजे कणांमुळे इकडेतिकडे विखुरणं, जास्त होतं म्हणून. त्यावर 'मग संध्याकाळी हा निळा जातो कुठे?' असं विचारलं की गाडी अडते. खालचा प्रयोग नेमका या अडणाऱ्या जागेसाठी आहे. त्याला एक तासिका पुरते, मात्र खोलीत नीट अंधार हवा.

सरळ भिंतींची पारदर्शक टाकी घ्या, साधारण 30 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद. तीत पाच लिटर स्वच्छ पाणी भरा. पांढऱ्या एलईडीचा टॉर्च, काळा कागद, पांढरं कार्ड, मिलिलिटरच्या खुणा असलेलं औषधाचं माप आणि साय काढलेलं दूध एवढंच सामान लागतं. काळ्या कागदाला 1 सेंमीचं भोक पाडून तो टॉर्चच्या तोंडावर चिकटवा. झोत अरुंद नसेल तर सगळी टाकीच उजळते आणि रंगांतला फरक हरवतो. टाकीमागेही काळा कागद लावा.

दूध घालण्याआधी झोत टाकीच्या लांबीतून सोडा. पलीकडच्या कार्डावर पांढरा ठिपका पडेल, पण बाजूने पाहिलं तर पाण्यात झोत जेमतेम जाणवेल. इथे थांबा, घाई करू नका. प्रकाश पाण्यातून जातो आहे, तरी तो आपल्याला का दिसत नाही? कारण त्याला वाटेत अडवून आपल्या डोळ्यांकडे वळवणारं फारसं काही नाही. चंद्रावर वातावरण जवळजवळ नाही, म्हणून तिथलं आकाश भर दिवसाही काळं असतं. ही जोडणी मुलांनी स्वतः केली तर उत्तमच.

आता 2 मिली दूध घालून हलक्या हाताने ढवळा आणि बुडबुडे वर येईपर्यंत मिनिटभर थांबा. बुडबुडे सगळेच रंग सारखे उधळतात, त्यामुळे घाईने पाहिल्यास नुसता पांढुरका झोत दिसतो. पुढे एकेक मिली वाढवत जा आणि दर वेळी दोन्हीकडून पाहायला सांगा, बाजूने आणि कार्डावर. नेमकं किती दूध लागेल हे दुधातल्या स्निग्धांशावर आणि टॉर्चवर ठरतं, म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर विसंबा. बाजूने पाहताना टॉर्चजवळचा झोत धुरासारखा निळसर दिसतो आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता पिवळट होतो. कार्डावरचा ठिपका आधी पिवळा, मग नारिंगी होतो.

खरा धडा यापुढे आहे. दूध तेवढंच ठेवा, टॉर्च तोच ठेवा आणि झोत टाकीच्या रुंदीतून सोडा. ठिपका पुन्हा फिकट होतो. बदललं फक्त अंतर. दुपारी सूर्य डोक्यावर असताना प्रकाश हवेतून आखूड वाटेने येतो. क्षितिजावरच्या सूर्याच्या प्रकाशाला त्याच्या सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच इकडेतिकडे विखुरतो आणि उरलेला तांबूस आपल्यापर्यंत पोहोचतो. 'निळा जातो कुठे?' याचं उत्तर असं की तो वाटेतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी आकाशात दिसतो.

मोठ्या वर्गांना आकडाही द्या. हवेच्या रेणूंमुळे होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. 700 नॅनोमीटरचा तांबडा आणि 450 नॅनोमीटरचा निळा घेतला तर निळा जवळपास 6 पट जास्त विखुरतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. 'मग आकाश जांभळं का नाही?' हा प्रश्न येईलच. सूर्यप्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपले डोळेही त्याला कमी प्रतिसाद देतात.

प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. टॉर्च पिवळसर असतो, म्हणजे त्यात निळाच कमी असतो. दूध साईचं असतं आणि स्निग्धांशाचे मोठे गोळे सगळे रंग विखुरतात. किंवा पडदे नीट ओढलेले नसतात. विद्यार्थी अपस्करण (पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे होणं) आणि विकिरण यांची गल्लतही करतात. लोलकात रंग वेगळे होतात ते अपवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे. इथे लोलक नाही, हे स्पष्ट सांगा. दुधाचे कण हवेच्या रेणूंपेक्षा खूप मोठे असतात, म्हणून हे फक्त प्रतिरूप आहे, हेही लपवू नका. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, ही ताकीद मात्र आधीच द्या.

पोलराइज्ड गॉगल (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा) असेल तर बाजूने झोत पाहताना तो डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. झोत उजळ-मंद होताना दिसेल. सूर्यापासून 90 अंशांवरच्या निळ्या आकाशाचंही असंच होतं.

शेवटी 50 मिली दूध एकदम ओता. निळा जातो, नारिंगी जातो, ठिपकाही दिसेनासा होतो आणि सगळी टाकी पांढरी होते. प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की रंग पुन्हा एकमेकांत मिसळतात. ढगात हे तर होतंच, शिवाय त्यातले थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते मुळातच सगळे रंग जवळपास सारखे विखुरतात. हे सांगण्याआधी टाकीकडे बोट दाखवून एवढंच विचारा: आकाशात हे कुठे पाहिलं आहे?