परदेशी निघताय? आधी कार्डाला सीताबर्डी दाखवा

नागपूरहून दोहा किंवा शारजाचं विमान धरून पुढे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांची बॅग महिनाभर आधी भरायला लागते. क्रेडिट कार्डाकडे मात्र कुणी बघत नाही, कारण ते इथे रोज चालतंच. कार्डावरची चिप जगभर ईएमव्ही या चिपकार्डांच्या एकाच मानकाची असते, पण ते कार्ड तुमचंच आहे हे मशीन कसं पडताळून पाहतं, ते देशागणिक बदलतं. कुठे पिन, कुठे सही, कुठे नुसता टॅप. इथे टॅपची सवय लागली की पिन विसरतो, आणि नेमका तोच तिकडे लागतो.

सुरुवात चिपपासून करा. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं धरा. सोनेरी भागात बारीक रेषांनी वेगळे केलेले सहा किंवा आठ तुकडे दिसतील. त्यांवर आडवे ओरखडे असतील, काळपट थर असेल किंवा चिपची एखादी कड नखाला लागत असेल, तर आजच नवं कार्ड मागवा. नुसता मळ असेल तर कोरड्या सुती कापडाने पुसा, ब्लेडने खरवडू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवलं की ते वाकतं आणि चिपचा डिंक सैल होतो. लॅमिनेशन किंवा सेलोटेप तर नकोच. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर ठरलेली असते, थर वाढला की ते मशीनच्या खाचेत अडकतं.

मग सीताबर्डीवरच्या एखाद्या दुकानात छोटी खरेदी करा. दुकानदार म्हणेल, "टॅप करा ना भाऊ." तरी कार्ड चिपच्या बाजूने आत घाला, पिन टाका आणि स्क्रीनवर कार्ड काढायची सूचना येईपर्यंत हलवू नका. व्यवहार नापास होण्याचं एक कारण ही घाई असते. चिप आपल्या आतल्या गुप्त किल्लीने प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते, बँक तो तपासून उत्तर पाठवते, आणि या देवाणघेवाणीला काही सेकंद लागतात. किल्ली चिपच्या बाहेर कधी येत नाही, म्हणून चिपची नक्कल करणं फार अवघड. मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती मात्र दर वेळी तीच. एटीएमच्या तोंडाशी चिकटवलेला स्किमर, म्हणजे कार्ड वाचून घेणारं चोरांचं यंत्र, चोरतो ती हीच. चिप वाचता आली नाही की काही मशीनं "स्वाइप करा" म्हणतात, पण असा व्यवहार बऱ्याच बँका नाकारतात. म्हणजे चिप बिघडली तर पट्टीच्या भरवशावर राहू नका.

पिन बँकेच्या अ‍ॅपवरून बदलला असेल तर एक बारकावा. काही कार्डांत पिन चिपमध्येही साठवलेला असतो आणि अ‍ॅपवर बदलला तरी चिपमध्ये जुनाच राहतो. इंटरनेट नसलेलं परदेशी मशीन नेमका तोच तपासतं. बदल केल्यावर स्वतःच्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड एकदा घालून पिन वापरा.

आता अ‍ॅपमधली बटणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 1 ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनसाठी सुरू होऊन येतात. बाकीचं आपण चालू करायचं. परदेशी दुकान, परदेशी एटीएम आणि टॅप निघायच्या आदल्या दिवशी चालू करा आणि प्रत्येकाची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा. "आंतरराष्ट्रीय ऑनलाइन" मात्र बंद असू द्या. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला सहसा ओटीपी लागतो, पण परदेशातल्या कितीतरी वेबसाइट फक्त नंबर, मुदत आणि सीव्हीव्हीवर पैसे कापून घेतात. तिकीट काढताना दहा मिनिटं चालू करा, लगेच बंद करा. याहून मोठं कुलूप या कार्डाला नाही.

टॅपचे पैसे खिशातूनच चोरीला जातील म्हणून धातूचं अस्तर असलेली पाकिटं विकतात. घ्यायची तर घ्या, पण टॅप जेमतेम चार सेंटिमीटरवरून चालतो आणि त्याचाही संकेत दर वेळी नवा असतो. ते पैसे रोमिंगवर घाला. ओटीपी आणि व्यवहाराचे संदेश तुमच्या इथल्याच सिमवर येणार आहेत.

देशांची गोष्ट. फ्रान्समध्ये 1992 पासूनच बँक कार्डांवर चिप आहे, ब्रिटनने 14 फेब्रुवारी 2006 पासून दुकानात पिन सक्तीचा केला. युरोपात टॅपची मर्यादा सहसा 50 युरो, आणि लागोपाठ काही टॅप झाले की मशीन पिन मागतं. रेल्वे स्टेशनवरच्या बिनमाणसाच्या तिकीट मशीनला सही देणार कशी? तिथे पिन आठवलाच पाहिजे. जपानमध्येही 2025 पासून पिनऐवजी सहीवर भागवायची सोय बंद झाली.

अमेरिका उशिरा जागी झाली. 1 ऑक्टोबर 2015 पासून चिप न वाचणाऱ्या दुकानावर बनावट कार्डाच्या नुकसानीची जबाबदारी आली, पेट्रोल पंपांना तर एप्रिल 2021 पर्यंत सवलत होती. तिथला पंप पाच आकडी झिप कोड विचारतो. आपला 440 ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड त्याला समजत नाही. आत जाऊन काउंटरवर रक्कम सांगा, आधी पैसे भरा, मग पेट्रोल घ्या.

मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात?" विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर तिकडची कंपनी आपल्या सोयीने लावते.

कार्ड हरवलं तर आधी अ‍ॅपवरून ब्लॉक करा. 1800 ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून बँकेचा +91 वाला नंबर कागदावर लिहून पाकिटाबाहेर, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर 5 लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये तुमच्या अंगावर येतात. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि ती वेळ त्याच कागदावर लिहा.