जास्तीचं शिफारसपत्र जोडायचं का?

अमेरिकेत बारावीनंतर अप्लाय करणाऱ्यांच्या घरी सध्या हाच विषय चालू असेल, की अजून एक रेको, म्हणजे शिफारसपत्र, टाकू का. आधी त्या कॉलेजच्या साईटवर जाऊन किती मागितलीत ते बघा. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक गणित किंवा सायन्सचं आणि एक भाषा-इतिहास अशा विषयाचं, शिवाय शाळेकडून काउन्सेलरचं, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या माणसाचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अर्जासोबत पत्रं मागतच नाही, तिथे विषय संपला. कॉमन ॲपमध्ये (एकाच ठिकाणाहून बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायचं पोर्टल) 'अदर रेकमेंडर', म्हणजे शिक्षक-काउन्सेलर सोडून इतर कोणाच्या पत्राची जागा, दिसलं नाही तर समजा त्या कॉलेजला नकोय, मग उगाच ईमेलने पाठवत बसू नका.

आणि दिसलं तर? तर एकच बघायचं, हा माणूस असं काही सांगणारे का जे बाकी फाईलमध्ये कुठेच नाहीये. माझ्या भाचीच्या वेळी घरातले सगळे आमदारांच्या लेटरहेडच्या मागे लागले होते, ओळख होती म्हणून, पण ते तिला आयुष्यात एकदाच भेटलेले, तेही बक्षीस देताना, ते काय लिहिणार. ती दोन वर्षं दर रविवारी पाड्यावरच्या मुलांना शिकवायला जायची, तिथल्या ताईंनी लिहिलं की भागाकार पोरांच्या डोक्यात शिरेना तर हिने ओंजळभर बोरं आणून त्यांनाच समान वाटायला लावली आणि उरलेलं बोर म्हणजे बाकी! हे तिच्या इथल्या कॉलेजमधल्या कुठल्या सरांना माहीत असणार? ते पत्र आम्ही जोडलं. क्लासच्या सरांचं मात्र नाही घेतलं, कारण 'हुशार, मेहनती' हे फिजिक्सच्या मॅडमनी लिहिलेलंच होतं, वाचणाऱ्याचा वेळ का घ्यायचा.

'तूच लिहून आण, मी सही करतो' असं कोणी म्हटलं तर प्लीज नको. लिहून देण्याऐवजी एका कागदावर तुम्ही काय काय केलं ते चार-पाच प्रसंगांत लिहून त्यांना द्या, पत्र त्यांच्या शब्दांत येऊदे. कॉमन ॲपमध्ये पत्र बघायचा हक्क सोडतो असं टिक करायचा ऑप्शन असतो, तो बहुतेक सगळे करतात, आणि स्वतःच लिहिलेल्या पत्रावर तसं टिक करणं म्हणजे सरळ खोटं बोलणं झालं.

बऱ्याच ठिकाणी अर्लीची, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांची, डेडलाईन १ नोव्हेंबर असते, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आसपास, सर गावाला गेलेले असतात, म्हणून गणपतीतच विचारून ठेवा आणि पोर्टलची लिंक त्यांच्या मेलवर आली का, स्पॅममध्ये तर नाही ना, ते शेजारी बसून बघा.